पाठीवरचे तीन बंद

त्या वर्षी, म्हणजे चोपन्न साली, मी शेलूबाजारला ढोरांचा डॉक्टर होतो. खरं तर डॉक्टर नव्हतो, स्टॉकमन होतो, डॉक्टरच्या हाताखाली गुरांना टोचणारा. पण स्टॉकमन म्हणजे काय ते गावाला माहीत नव्हतं आणि मीही कोणाला समजावत बसलो नाही. गुरांमधली बुळकांडीची साथ कायमची घालवायची म्हणून सरकारी मोहीम निघाली होती. खेड्याखेड्यांत, तांड्यांवर जाऊन टोचायचं काम. लस बर्फात ठेवावी लागे आणि बैलगाडीनं पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होई. म्हणून मी अकोल्याच्या लिलावात लष्करानं टाकून दिलेली एक मोटरसायकल घेतली. ती का टाकून दिली होती, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

दिवाळीनंतर किन्हीराजाहून परतताना मी पडलो. रस्त्यावर नुसती गिट्टी पसरलेली. वळणावर पुढचं चाक सरकलं आणि मी उजव्या खांद्यावर आपटलो. मागून येणाऱ्या एका गाडीवाल्यानं मला खोलीवर आणून खाटेवर टाकलं, मोटरसायकल भिंतीला लावली आणि त्याला घरी पोचायचं होतं म्हणून तो गेला. त्यानं गावात कोणाला सांगितलं नाही. माझ्या घरचे येतीलच, असं त्याला वाटलं असणार.

घरचे कोणी नव्हते. माझी बायको लग्नाच्या तिसऱ्या वर्षी गेली. मी तेव्हा ब्रह्मदेशाच्या हद्दीवर लष्कराच्या खेचरांना पट्ट्या बांधत होतो; पत्र हातात पडलं तोवर तिचं वर्षश्राद्धही उरकलं होतं. मूलबाळ नाही. पुन्हा लग्न केलं नाही, त्यालाही काही मोठं कारण नाही. आज बघू, उद्या बघू म्हणता म्हणता लोकांनी विचारायचंच सोडून दिलं.

तर मी खाटेवर, आणि माठ कोपऱ्यात, सहा पावलांवर. खांद्याचं हाड मोडलेलं. पहिला दिवस मी माठाकडे बघत काढला. दुसऱ्या दिवशी बसत-सरकत तिथवर पोचलो आणि पालथा पडून पाणी प्यायलो. चौथ्या दिवशी नाक्यावरच्या हॉटेलवाल्या जगदेवला वाटलं, डॉक्टर चहाला आला नाही, बिल तर देऊन ठेवलंय, मग गेला कुठं. म्हणून त्यानं येऊन दार ठोठावलं. दुखण्याचं मला फारसं काही वाटलं नाही, हाडं सगळ्यांचीच मोडतात. पण आजारी बैल खाली बसला की त्याच्या तोंडापुढे बादली धरायला कोणीतरी असतं, हे मी रोज बघत होतो. माझ्यापुढे बादली धरायला कोणी नव्हतं, आणि त्या चार दिवसांत मी त्याला भ्यालो. मरायला नाही भ्यालो, तसं पडून राहायला भ्यालो.

हाड जुळायला दोन महिने लागले. तोवर मी एकच गोष्ट पक्की ठरवली होती. पडायचं नाही असं काही ठरवता येत नाही, पण पडलो तरी मोडायचं नाही. अंगावर काहीतरी जाडजूड घालूनच गाडीवर बसायचं. नाक्यावर हे बोललो तर लोक खो खो हसले. डॉक्टर लढाईवर निघाले, म्हणाले. ज्यांच्या घरी हळदीचं दूध तयार असतं त्यांनी खुशाल हसावं.

अकोल्याला एका दुकानात साहेब लोकांचा चामडी कोट टांगलेला होता. किंमत विचारली तर माझा दीड महिन्याचा पगार. मी कोटाला हात लावून पाहिला, वास घेतला आणि बाहेर आलो. मग बाजाराच्या दिवशी कारंज्याला गेलो. कारंज्यात पैसेवाल्यांसाठी पेढ्या आहेत, देवळं आहेत. माझ्यासारख्यासाठी मागच्या गल्ल्या आहेत. तिथं जुन्या लोखंडाचा व्यापार करणाऱ्या फय्याजकडे एक शिपायाची लोखंडी टोपी सापडली. त्यानं ती उलटी करून कोंबड्यांना पाणी ठेवलं होतं. ती टोपी मला हवी म्हटल्यावर तो आधी कोंबड्यांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागला. शेवटी एका ॲल्युमिनियमच्या वाडग्यावर सौदा झाला. पुढे एका चांभारानं विहिरीच्या फाटक्या मोटेचं चामडं कापून मला गुडघ्यांवर बांधायला दोन जाड तुकडे करून दिले. त्या चामड्याला दहा वर्षांच्या पाण्याचा वास होता, पण दगडावर घासलं तरी ओरखडा उठत नव्हता. जत्रेत मिळतो तसला एक काळा चष्मा घेतला. राहिला कोट.

दिलावर पिंजाऱ्याचं नाव फय्याजनंच सांगितलं. दिलावर गाद्या-रजया भरायचा आणि त्याची बायको कमरुन्निसा पडद्याआड बसून टाके घालायची. त्याला मी माझी अडचण सांगितली. तो अजिबात हसला नाही. मोटरसायकल कुठून कुठं जाते, पडलो तेव्हा आधी काय टेकलं, वारा कुठून लागतो, असं सगळं त्यानं विचारून घेतलं. मग म्हणाला की कापूस जर नीट पिंजून, दाबून, चौकड्यांचे टाके घालून भरला तर दगडाचा मार आतपर्यंत जात नाही, जुन्या काळी घोडेस्वार तसंच अंगात घालायचे म्हणे. आत सरकीचा कचरा नसलेला कापूस, बाहेरून तंबूचं जुनं कापड, पूर्ण बाह्या. किंमत चामडी कोटाच्या दहाव्या हिश्शाची. मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

माप घेता घेता त्यानं सहज विचारलं, ''घरी कोन कोन हाये, डॉक्टरसाब?''

पडदा हलला होता. आत त्याची बायको ऐकत होती. कोणाला तरी पोळ्या वाढल्याचा आवाज येत होता. मला काय झालं कोणास ठाऊक. मी म्हणालो, ''आहेत ना, घरचे आहेत.''

झालं एवढंच. पण त्या एका वाक्यानं पुढचं सगळं रामायण घडलं.

पुढच्या बाजाराला मी ती कापूस भरलेली बंडी घ्यायला गेलो तेव्हा दिलावरच्या दारात गिऱ्हाइकांची रीघ होती. त्यानं गुंडाळून दिली, मी कॅरिअरला बांधली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत उघडून पाहिली आणि खाटेवर बसलो. बंडी फार देखणी झाली होती. छातीवर कापसाचे दोन थर, समोर कुठे फट नाही, गुंडी नाही, बंद नाही. वारा शिरायला जागाच नको म्हणून त्यानं समोरची बाजू सलग शिवली होती आणि बंडी मागून उघडी ठेवली होती. पाठीवर तीन ठिकाणी कापडी बंदांच्या जोड्या. बाह्यांत हात घालायचे आणि घरातल्या माणसानं पाठीमागे उभं राहून तीन गाठी मारायच्या. घरचे आहेत म्हटल्यावर त्यात अवघड ते काय?

मी खूप खटाटोप केला. बाह्या इतक्या भरलेल्या की हात मागे वळेचना, आणि मोडका खांदा तर मुळीच वळेना. आधी गाठी मारून मग डोक्यातून घालून पाहिली, ती मानेशी अडकली आणि मी आंधळ्यासारखा खोलीभर धडपडलो. दाराच्या कडीला बंद अडकवून उलटा फिरलो, तर बंदाऐवजी कडीच सैल झाली. शेवटी टोपी घातली, गुडघे बांधले, चष्मा लावला, आणि पाठ उघडी टाकून, गाडी ढकलत जगदेवच्या हॉटेलावर गेलो.

जगदेव पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको, पोरं सगळी मागच्या खोल्यांत असायची. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

''काहून डॉक्टर, उलटी घातली का?'' त्यानं विचारलं.

मी म्हणालो की हिची पद्धतच तशी आहे, जरा गाठी मार. त्यानं खांद्यावरच्या फडक्याला ओले हात पुसले आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. एका हातानं पाठ दाबून धरून त्यानं दुसऱ्या हातानं बंद ओढले. तो दिवसभर भज्यांच्या पुड्या बांधायचा, तशाच त्यानं तीन गाठी मारल्या, झटक्यात आणि पक्क्या. शेवटी पाठीवर एक थाप मारली आणि भट्टीकडे गेला. मी तसाच उभा राहिलो. अकरा वर्षांत माझ्या पाठीला कोणाचा हात लागला नव्हता. न्हाव्याचा हात मानेपर्यंत येतो, हाडवैद्याचा खांद्यापर्यंत. पाठ कोणाच्याच कामाची नसते. कापसाच्या एवढ्या थरांतूनही मला त्या हाताची ऊब कळली, आणि मला स्वतःचाच राग आला.

मग रोज सकाळी तसंच सुरू झालं. मी गाडी उभी करायचो, हॉटेलाकडे पाठ करायचो, तो हात पुसत यायचा.

बांधायची सोय झाली, सोडायची झाली नाही. संध्याकाळची बस गेली की जगदेव हॉटेल बंद करून देवळात भजनाला बसायचा. पहिल्या दिवशी मी बंडीसकट झोपलो. कूस बदलता येईना. गादीत माणूस झोपतो, मी माणसाभोवती गादी घेऊन झोपलो होतो. दुसऱ्या दिवसापासून मी युक्ती काढली. दिवसातलं शेवटचं काम बहुतेक किन्हीराजाजवळच्या तांड्यावर असायचं. तिथं, ज्याच्या दारात मी गुरं टोचायचो त्या सेवादासची म्हातारी आई भुरीबाई होती. निघताना मी तिच्याकडून गाठी सोडवून घ्यायचो, बंडी कॅरिअरला बांधायचो आणि उघड्या अंगानं, म्हणजे नुसत्या सदऱ्यावर, खोलीवर यायचो. म्हणजे बघा, जिथं पडलो होतो तेवढाच रस्ता मी बिनबंडीचा करत होतो. मला ते कळत नव्हतं असं नाही. पण त्या गादीत पुन्हा एकट्यानं रात्र काढण्यापेक्षा मला तो रस्ता परवडला.

तीन आठवडे निभलं. मग एक दिवस त्याच वळणावर पुढचं चाक पुन्हा सरकलं. या वेळी डाव्या बाजूला पडलो. उठून बसलो तर कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोललेलं, आणि बंडी मागे कॅरिअरवर अगदी शाबूत, एक टाका उसवलेला नाही. हाड मोडलं नव्हतं. पण मी रस्त्यातच बसून राहिलो आणि मला तो माठ दिसला, सहा पावलांवरचा. आता हे थांबवायला पाहिजे, मी ठरवलं. बंडी समोरून उघडून घ्यायची, म्हणजे कोणाची गरज नको.

बाजाराच्या दिवशी सकाळी जगदेवनं नेहमीसारखी बंडी बांधली आणि मी कारंज्याला निघालो. हाताला पट्टी होती, खड्डे चुकवता येत नव्हते. वाटेत मधली गाठ सुटली आणि बंडी फडफडायला लागली, तेव्हा फुलसिंग नावाच्या एका गाडीवानाला थांबवून बांधून घेतली. कारंज्याच्या अलीकडे विहिरीवर पाणी प्यायला थांबलो तर खालची सुटली. तिथं एक बाई घागर भरत होती. तिला कसं सांगावं म्हणून मी घुटमळलो, तर तीच घागर खाली ठेवून आली, गाठ मारली आणि घागर उचलून गेली. मी तिचा चेहराही नीट पाहिला नाही.

दिलावर गादी भरत होता. मी त्याच्यापुढे उभा राहून सांगितलं की बंडी उत्तम आहे, पण समोरून उघडून पाहिजे, मागचं बंद करून टाका. तो उठला, माझ्या मागे गेला आणि गाठी सोडायला लागला. सोडता सोडता थांबला. मला पाठीमागचं दिसत नव्हतं, पण तो काय बघतोय ते एकदम लक्षात आलं आणि कानशिलं तापली.

''डॉक्टरसाब,'' तो हळूच म्हणाला, ''ह्या तीन गाठी एका हाताच्या नाईत.''

पडद्याआडचं शिलाईचं मशीन थांबलं. अजूनही खरं सांगता आलं असतं. इतका सोपा प्रसंग पुन्हा कधी आला नसता. आणि मी म्हणालो, ''घरचे माहेरी गेलेत.''

''बराबर हाये,'' दिलावर म्हणाला.

त्यानं मला बसायला पाट दिला. बंडी उलटी पसरली आणि छातीच्या मधोमध कात्री चालवली. आतला पांढरा कापूस बाहेर आला. त्यानं तो हातानं परत दाबला, कडा दुमडल्या, मागचे तिन्ही बंद उसवून समोर लावायला पडद्याआड पाठवले. पाठ त्यानं स्वतःच्या हातानं शिवली, जाड दोऱ्यानं, सलग. तासाभरात काम झालं. मी मजुरी विचारली तर त्यानं मान हलवली. तो कसलेला माणूस होता, एक पैसा सोडत नसे. मजुरी घेतली नाही, तेव्हाच मला कळलं की माझ्यावर त्याचा विश्वास बसलेला नाही.

निघताना तो दारापर्यंत आला. ''घरचे आले म्हंजे त्याइले सांगा,'' तो म्हणाला, ''मांगून बंद लावले ते आमचंच चुकलं म्हनून.''

मी हो म्हणालो आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीतच बंडी घातली. तीन गाठी स्वतः मारल्या, चांगल्या बसल्या. आता मी कोणाचा मिंधा नव्हतो. हॉटेलाशी गाडी उभी केली आणि सवयीनं पाठ करून उभा राहिलो. मला भानच नव्हतं. मागून जगदेव हात पुसत आला. त्याचा हात पाठीवर टेकला, वरून खाली गेला, पुन्हा वर आला. बंद शोधत होता.

मी वळून समोरच्या गाठी दाखवल्या. तो म्हणाला, बेस झालं, आणि भट्टीकडे परत गेला. मी चहा प्यायलो. चहा रोजचाच होता, पण मला तो संपवता आला नाही.

आठ दिवस मी स्वतःच्या हातानं बंडी बांधली. संध्याकाळी स्वतःच सोडली. किन्हीराजाच्या वळणावरून बंडी अंगात घालून गेलो, एकदाही चाक सरकलं नाही. तांड्यावर भुरीबाईनं निघताना हात पुढे केला आणि गरज नाही म्हटल्यावर मागे घेतला. फुलसिंगची गाडी दोनदा वाटेत दिसली, मी हात केला, त्यानं केला, थांबायला कारण नव्हतं. इतकं सुरक्षित मी आयुष्यात कधी नव्हतो. आणि खोटं कशाला बोलू, त्या आठ दिवसांत जेवढं एकटं वाटलं तेवढं त्या खाटेवरच्या चार दिवसांतही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान कोणीतरी येईल म्हणून दाराकडे बघत होतो.

नवव्या दिवशी मी बंडी घातली आणि गाठी मारल्या नाहीत. समोरचे दोन्ही पाखे लोंबकळत ठेवून गाडी हॉटेलापर्यंत ढकलत नेली. जगदेव भजी तळत होता.

मी म्हणालो, ''जगदेव, हात आखडलाय. जरा बांधून देतोस का?''

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. त्याच हातानं मी आत्ता चार मण वजनाची गाडी स्टँडवर चढवली होती आणि ते त्यानं पाहिलं होतं. त्यानं झारा बाजूला ठेवला, कढई चुलीवरून उतरवली, फडक्याला हात पुसले आणि आला. या वेळी मागे जायचं काम नव्हतं. तो माझ्या समोर उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या मिशीला लागलेलं पीठ दिसत होतं. त्यानं वरची गाठ मारली. मधली मारली. खालचे बंद हातात धरून तो थांबला आणि त्यानं मान वर केली. पाठीशी उभं राहणारा माणूस कधी तोंड बघत नाही. आम्ही दोघांनी महिनाभर तोंडं चुकवली होती.

''डॉक्टर,'' त्यानं विचारलं, ''तुमच्या घरी कोनी नाही ना?''

''नाही,'' मी म्हणालो. ''कोणी नाही.''

त्यानं खालची गाठ मारली, पुडीसारखी, पक्की. मग बंडीचे दोन्ही पाखे हातानं सारखे केले आणि म्हणाला, ''संध्याकाळी सोडाले मागच्या दारानं येजा. भजनाले मी उशिरा जाईन.''